नोकरी गेली तर मुंबईत सरकारकडून काय मिळतं आणि ते कसं मिळवायचं

पगाराच्या स्लिपवर कपातीच्या बाजूला ‘पी. टी.’ असा एक रकाना असतो. दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाला अडीच हजार. हा व्यवसाय कर. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली आणि तिच्यासाठी पैसा हवा म्हणून १९७५ साली कायदा करून हा कर बसवला. मुंबईच्या नोकरदारांनी गावाकडच्या खडी फोडणाऱ्या हातांची मजुरी दिली, आणि ते योग्यच झालं. पण ती हमी फक्त ग्रामीण भागाची. परळच्या कारखान्यातून किंवा मालाडच्या कॉल सेंटरमधून घरी बसवलेल्या माणसाला ‘काम द्या, नाहीतर भत्ता द्या’ असं हक्काने म्हणायला मुंबईत एकही खिडकी नाही.

म्हणून मंदीत मुंबईकराला जे मिळतं ते तुकड्यातुकड्यांत मिळतं. थोडं विम्यातून, थोडं स्वतःच्याच साठलेल्या पैशातून, थोडं रेशन दुकानातून, आणि उरलेलं कुठल्या तरी मंडळाच्या यादीत नाव असेल तर. आधी काय करायचं याला फार महत्त्व आहे, कारण काही दारं चुकीची सही केली की कायमची बंद होतात.

राजीनामा लिहिण्याआधी

मंदीत कंपन्या माणसं काढतात तेव्हा ‘काढलं’ असं लिहून देत नाहीत. एचआरवाले केबिनमध्ये बोलावतात, पाणी देतात आणि म्हणतात, ‘तुम्हीच राजीनामा द्या, रेकॉर्ड चांगलं राहील, पुढच्या नोकरीला बरं पडेल.’ समोर छापील कागद तयार असतो, फक्त सही बाकी.

ती सही लगेच करू नका. एक दिवस मागून घ्या. कामगाराला नोकरकपातीत काढलं तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या पगाराइतकी भरपाई द्यावी लागते. त्यासाठी वर्षभराची सलग नोकरी झालेली हवी. राजीनामा दिलात की ती कपात राहत नाही, तुम्ही आपखुशीने सोडलं असं होतं. भरपाई गेली, आणि पुढे ईएसआयसीच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या, बेकारी भत्त्यालाही ‘स्वतःहून सोडलं ना?’ हा प्रश्न आडवा येतो. मॅनेजर, सुपरवायझर अशा पदांवरचे बरेच जण कायद्याच्या ‘कामगार’ व्याख्येत बसत नाहीत. त्यांना नेमणूकपत्रातल्या नोटीस पिरियडवरच भांडावं लागतं. पण पदाचं नाव फसवं असतं. कार्डावर ‘एक्झिक्युटिव्ह’ छापलेलं आणि काम दिवसभर डेटा भरण्याचं, असा माणूस कामगार ठरू शकतो. काम काय करता ते पाहिलं जातं.

सही करावीच लागली तर राजीनाम्यात ‘वैयक्तिक कारणास्तव’ हे शब्द लिहू नका. ‘कंपनीने सांगितल्यावरून’ असं लिहा आणि प्रत जवळ ठेवा. तोंडी काढलं असेल तर त्याच दिवशी कंपनीच्या ईमेलवर चार ओळी पाठवा: आज अमुक तारखेला मला उद्यापासून कामावर येऊ नका असं सांगण्यात आलं, कृपया लेखी कळवा. उत्तर येवो न येवो, तारीख नोंदली गेली. पुढे तक्रार करायची वेळ आली तर कामगार आयुक्तांचं कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात आहे, आणि तिथे हीच चार ओळींची मेल सगळ्यात आधी मागतात.

ग्रॅच्युइटी वेगळी. पाच वर्षं झाली असतील तर राजीनामा दिलात तरी ती मिळते. हिशेब सोपा आहे: शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. मूळ पगार १८,००० आणि नोकरी सात वर्षं असेल तर साधारण ७२,६९२ रुपये. सात वर्षं आणि सात महिने असतील तर आठ धरायची, कारण सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष मानतात. रक्कम ३० दिवसांत द्यायची असते. ‘फुल अँड फायनलमध्ये बघू’ असं सांगून महिनोन्‌महिने लोंबकळत ठेवतात, म्हणून अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

पहिल्या आठवड्यातली कागदपत्रं

ऑफिसचा ईमेल बंद व्हायच्या आत गेल्या वर्षभराच्या पगार स्लिपा, फॉर्म १६ आणि नेमणूकपत्र स्वतःच्या मेलवर घ्या. ईएसआयसीचा विमा क्रमांक आणि पीएफचा यूएएन क्रमांक वहीत लिहून ठेवा. आधारला जोडलेला मोबाईल नंबर चालू आहे ना ते पाहा. जुनं सिम कंपनीचं असेल आणि तेच आधारला जोडलेलं असेल तर एकही ओटीपी येणार नाही आणि पुढचं सगळं अडेल. कंपनीचं सिम परत करण्याआधी आधार केंद्रावर जाऊन नंबर बदला. बँक खात्याला आधार जोडलेलं हवं, कारण मदतीचे पैसे आता थेट खात्यातच येतात.

उत्पन्नाच्या दाखल्याबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही. तहसीलदाराचा दाखला सरलेल्या आर्थिक वर्षाचा असतो. जूनमध्ये नोकरी गेली तरी दाखल्यावर गेल्या वर्षीचा भरलेला पगार दिसतो, आणि आज खिशात काही नसलं तरी कागदावर तुम्ही खाऊनपिऊन सुखी. यावर फारसा इलाज नाही. म्हणून उत्पन्नाची अट असलेल्या योजनांवर पहिल्या काही महिन्यांत आशा लावू नका. आधी विमा आणि पीएफ, मग बाकीचं.

ईएसआयसी: भत्ता कुणाला, किती

अमेरिकेने महामंदीत, १९३५ साली, सामाजिक सुरक्षा कायदा केला आणि त्यात बेकारी विम्याची चौकट घातली. आपल्याकडचा ईएसआय कायदा १९४८ चा. त्यात आजारपण, अपघात, बाळंतपण सगळं आलं, बेकारी मात्र राहून गेली. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि पुढे गिरण्या बंद पडत गेल्या तेव्हा लालबाग-परळच्या चाळींत बेकारी भत्ता नावाची चीजच नव्हती. तो आला २००५ मध्ये, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेच्या नावाने, आणि २०१८ मध्ये त्याच्या जोडीला अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आली.

महिना २१,००० पर्यंत पगार असलेले आणि पगारातून ईएसआय कापला जाणारे लोक यात येतात. हाउसकीपिंग, सिक्युरिटी, छोटे कारखाने, दुकानं, हॉटेलं, म्हणजे मुंबईतला मोठा वर्ग. यातल्या कित्येकांना आपला ईएसआय कापला जातो हेच माहीत नसतं. ठेकेदाराने कापलाय पण भरला नाही, असंही निघतं. स्लिपवर कपात दिसते आणि ईएसआयसीच्या पोर्टलवर दिसत नाही, तर ते पहिल्यांदा लेखी कळवा.

अटल योजनेत सरासरी रोजच्या कमाईच्या ५० टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस मिळतात. मूळ योजनेत २५ टक्के होते, करोनाच्या काळात, मार्च २०२० पासून, ते दुप्पट केले. पगार १८,००० असेल तर तीन महिन्यांचे मिळून साधारण २७,०००. आयुष्यात एकदाच. अटी अशा: बेकार होण्याआधी किमान दोन वर्षं विम्यात असायला हवं. लगेच आधीच्या वर्गणी काळात (हे काळ सहा-सहा महिन्यांचे असतात) ७८ दिवसांची वर्गणी हवी आणि त्या दोन वर्षांतल्या उरलेल्या तीनपैकी एका काळात पुन्हा ७८ दिवस. नोकरी गेल्यावर ३० दिवसांनी अर्ज करता येतो. मालकाच्या सहीसाठी त्याच्या दारात जावं लागत नाही, अर्ज थेट शाखा कार्यालयात द्यायचा. आधार, बँक पासबुक आणि कामावरून कमी झाल्याचा काहीतरी पुरावा लागतो. ही योजना ठरावीक मुदतीने पुढे वाढवत नेतात, तेव्हा शाखेत गेल्यावर पहिला प्रश्न ‘मुदत चालू आहे ना?’ हा विचारा. गैरवर्तणुकीवरून काढलेल्यांना आणि स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांना ती लागू नाही.

कारखानाच बंद पडला किंवा नोकरकपात झाली असेल तर राजीव गांधी योजना जास्त मोलाची. पहिले १२ महिने पगाराच्या ५० टक्के, पुढचे १२ महिने २५ टक्के. पण हिला कंपनी बंद पडल्याचा किंवा कपातीचा कागद लागतो. वर राजीनाम्याबद्दल इतकं लांबण लावलं ते याचसाठी.

कामावरून कमी झालात म्हणून ईएसआयचा दवाखाना त्याच दिवशी बंद होत नाही. वर्गणीचे काळ दोन: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. एप्रिल-सप्टेंबरमध्ये ७८ दिवस भरले असतील तर त्याचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळतो. ऑगस्टमध्ये नोकरी गेलेल्याची बायको पुढच्या मेमध्येही परळच्या महात्मा गांधी रुग्णालयात किंवा मुलुंड, कांदिवलीच्या ईएसआय रुग्णालयात दाखवू शकते. काउंटरवर ‘कार्ड बंद झालं’ म्हणाले तर परतू नका, वर्गणीचा तपशील मोबाईलवर उघडून दाखवा.

पीएफ काढायचा, पण किती

कंपनीने ‘डेट ऑफ एक्झिट’, म्हणजे नोकरी सुटल्याची तारीख, टाकली नसेल तर दावा अडतो. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती तारीख तुम्ही स्वतः पोर्टलवर टाकू शकता, कंपनीच्या मागे फिरायची गरज नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफच्या विश्वस्त मंडळाने ठरवल्याप्रमाणे नोकरी गेल्यावर ७५ टक्के लगेच, २५ टक्के किमान शिल्लक म्हणून मागे, आणि सगळी रक्कम काढायची तर १२ महिने बेकार राहिल्यावर. पाच वर्षांच्या आत मोठी रक्कम काढलीत तर कर कापला जातो.

पेन्शनच्या हिश्श्याला मात्र घाईने हात लावू नका. एकूण दहा वर्षं भरली की पेन्शनचा हक्क लागतो. आठ-नऊ वर्षं झालेल्याने चार पैशांसाठी तो हिस्सा काढून टाकला तर पुढच्या नोकरीत पुन्हा शून्यापासून मोजणी.

रेशन

सगळ्यात खात्रीची मदत इथे आहे आणि सगळ्यात जास्त गोंधळही इथेच. कार्डाचा रंग आणि धान्य मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केशरी कार्ड असलं म्हणजे धान्य मिळतंच असं नाही. केशरी कार्डधारकांतले जे राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याच्या ‘प्राधान्य कुटुंब’ यादीत आहेत त्यांना माणशी महिना पाच किलो, आणि अंत्योदय कार्डाला कुटुंबाला ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. यादीत आहात की नाही हे कार्डाच्या बारा अंकी नंबरावरून दुकानदाराच्या मशीनवर किंवा ‘मेरा राशन’ अ‍ॅपवर लगेच दिसतं.

शहरात प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये आहे. म्हणजे महिन्याला पाच हजारसुद्धा नाहीत. मुंबईत एवढ्या पैशांत दहा बाय दहाच्या खोलीचं भाडंही सुटत नाही, तरी मर्यादा तीच. शिवाय राज्याचा इष्टांक, म्हणजे किती जणांना धान्य द्यायचं तो आकडा, ठरलेला, त्यामुळे पात्र असूनही ‘इष्टांक शिल्लक नाही’ हे उत्तर ऐकावं लागतं. ते तोंडी ऐकून घेऊ नका. अर्ज द्या, पोच घ्या. यादीतून अपात्र नावं कमी होत राहतात, आणि जागा झाली की ती अर्ज पडून असलेल्याला मिळते. नुसतं विचारून गेलेल्याच्या वाट्याला ती येत नाही.

मुंबईकरांची नेहमीची अडचण म्हणजे नाव गावच्या कार्डावर. सातारा, रत्नागिरी, जळगाव, कुठेही असू दे. इथे नवीन कार्ड काढायचं तर तिथून नाव कमी केल्याचा दाखला लागतो, आणि तो आणायला गाडीभाडं आणि दोन दिवस. आधी एवढं तपासा: गावचं कार्ड अन्न सुरक्षेच्या यादीत आहे का? असेल तर ते मोडू नका. ‘एक देश एक रेशन कार्ड’खाली तुमच्या वाट्याचं धान्य मुंबईतल्या कुठल्याही रेशन दुकानात आधारवर थंब लावून घेता येतं आणि गावातली माणसं त्यांच्या वाट्याचं तिकडे घेत राहतात. यादीतलं जुनं कार्ड तोडून मुंबईत यादीबाहेरचं नवं केशरी कार्ड घेणं हा तोट्याचा सौदा आहे.

थंबचं रडगाणं वेगळं. भांडी घासून, सिमेंट कालवून बोटांच्या रेषा झिजतात आणि मशीन दहादा ‘मॅच नाही’ दाखवतं. मागची रांग ओरडायला लागते, दुकानदार ‘उद्या या’ म्हणतो. अशा वेळी दुसरं बोट, मग घरातल्या दुसऱ्या सदस्याचा थंब, मग आधारच्या नंबरवर ओटीपी, या क्रमाने करायला लावा. ई-केवायसी राहिलेल्या प्रत्येक सदस्याचं ते उरकून घ्या, आणि एखाद्या महिन्यात गरज नसली तरी धान्य उचला. महिनोन्‌महिने न उचललेलं कार्ड तपासणीत येतं आणि नेमकं गरजेच्या वेळी बंद सापडतं. दुकानदार माप कमी देत असेल तर मशीनची पावती मागा, तीवर किती किलो दिले ते छापलेलं असतं. तक्रार १९६७ वर किंवा तुमच्या विभागाच्या शिधावाटप कार्यालयात.

ज्यांना पगाराची स्लिपच नाही

१३ एप्रिल २०२१ ला, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, राज्य सरकारने ५,४७६ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. बांधकाम कामगार, घरकामगार, फेरीवाले, रिक्षाचालक यांना प्रत्येकी १,५०० रुपये. बातमीत एक शब्द होता, तो बहुतेकांनी वाचलाच नाही: ‘नोंदणीकृत’. घरकामगार मुंबईत प्रत्येक इमारतीत, पण मंडळाकडे नोंद असलेल्या थोड्या. परमिट नावावर नसलेला, भाड्याने रिक्षा चालवणारा बाहेर. लायसन नसलेला भाजीवाला बाहेर. पुढची मंदी आली तरी पैसे याच याद्यांवरून वाटले जाणार. तेव्हा नोंद आज, काम चालू असताना.

बांधकाम कामगार मंडळाला १८ ते ६० वय आणि गेल्या वर्षात ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं. नाक्यावर उभं राहणाऱ्याचा ठेकेदार दर आठवड्याला वेगळा, सही कोण देणार? प्रत्येक ठेकेदाराकडून त्या-त्या कामाचे दिवस लिहून घेत जा, शेवटी एकाकडे मागितलं तर तो टाळतो. दरवर्षी नूतनीकरण करायचं. ते चुकलं तर नोंद असून नसल्यासारखी.

घरकामगारांसाठी २००८ च्या कायद्याने मंडळ आहे. तिथे मालकांचं प्रमाणपत्र मागतात आणि ताई-वहिनी इथेच बिचकतात, सही केली तर पुढे पीएफ-बोनस मागेल की काय म्हणून. हे वाचणाऱ्यांत अशी एखादी वहिनी असेलच: त्या कागदाने फक्त एवढंच सिद्ध होतं की ही बाई घरकाम करते. सही द्या.

फेरीवाल्यांना पीएम स्वनिधीतून विनातारण कर्ज मिळतं. २०२५ मधल्या बदलानंतर पहिलं कर्ज १५,०००, ते फेडलं की २५,००० आणि मग ५०,०००, व्याजात ७ टक्के सवलत. पालिकेचं विक्री प्रमाणपत्र नसेल तर शिफारसपत्रासाठी वॉर्ड ऑफिसच्या लायसन विभागात जायचं. पण हे कर्ज आहे, मदत नव्हे. धंदाच बसलेला असताना घेऊन घरखर्चात घालवाल तर हप्ता अंगावर येतो.

असंघटित कामगारांचं ई-श्रम कार्ड मोबाईलवर फुकट निघतं, काढून ठेवा. त्याने लगेच हातात काही पडत नाही, हे मात्र समजून काढा.

आजारपण आणि घरातली म्हातारी माणसं

नोकरीबरोबर कंपनीचा मेडिक्लेम जातो. महात्मा फुले जन आरोग्य योजना आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत आहे आणि पांढऱ्या कार्डासकट सगळ्या रेशन कार्डांना लागू आहे. म्हणजे धान्य घेत नसलात तरी कार्ड घरात हवंच. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. तिथे दाखल होण्याआधी जा, बिल झाल्यावर नको. रोजच्या तापा-खोकल्याला पालिकेचा आपला दवाखाना पुरतो.

संजय गांधी निराधार आणि ६५ वर्षांवरच्यांसाठी श्रावणबाळ योजनेत महिना १,५०० मिळतात. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,०००, आणि राज्यात १५ वर्षं राहिल्याचा पुरावा हवा. कमावता मुलगा घरात दाखवला की अर्ज जातो. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कर्ता माणूस गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २०,००० मिळतात. दुःखात हे कुणाला सुचत नाही, शेजाऱ्यांनी सांगावं.

अर्ज अडला तर

या वरच्या एकाही अर्जासाठी कुणाला ‘सेटिंग’चे पैसे द्यायचे नसतात. सेतू किंवा आपले सरकार केंद्रावर ठरलेली फी भिंतीवर लावलेली असते, पावती मागा. ‘सरकारी मदत मंजूर झाली, लिंकवर क्लिक करा’ असा मेसेज आला तर तो फसवणुकीचा समजा. मंदीत असे मेसेज वाढतात.

अर्ज देताना क्रमांक असलेली पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. उत्पन्नाचा दाखला, अधिवास यांसारख्या सेवा २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात येतात. प्रत्येकीला दिवस ठरलेले आहेत आणि ते उलटले की त्याच खात्यातल्या वरिष्ठाकडे पहिलं अपील, मग दुसरं, मग आयोगाकडे तिसरं. विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. अपील आपले सरकार पोर्टलवरूनच टाकता येतं. बऱ्याचदा नुसतं ‘साहेब, मुदत काल संपली, अपील टाकतोय’ असं पोच दाखवून म्हटलं तरी दुपारपर्यंत कागद हातात येतो. शहर जिल्ह्याचं काम फोर्टच्या जुन्या जकात घरातल्या जिल्हाधिकारी कार्यालयाकडे आणि माहीम-सायनच्या पुढच्या उपनगरांचं वांद्रे पूर्वेच्या प्रशासकीय इमारतीकडे आहे. निघण्याआधी आपला पत्ता कुणाकडे येतो ते पाहून घ्या, नाहीतर चर्चगेटपर्यंतचं तिकीट आणि अर्धा दिवस दोन्ही जातात.